गाडी दुरुस्त होईपर्यंत

माझं तोंड फाटकं आहे, हे आधीच सांगून टाकते. रिक्षावाला असो, रॉकेलवाला असो की ऑफिसातला साहेब, मी कुणाशीही भांडू शकते, आणि भांडून झाल्यावर मला छान भूक लागते. आई म्हणायची, ही जन्मली तीच नर्सशी हुज्जत घालत. अशा या बाईने एक मोडकी व्हॅन विकत घेतली, वर्षभर तिच्यात राहिली, आणि ती दुरुस्त होऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसली. लोकांना वाटतं मी तेव्हा पैसे वाचवण्यासाठी गाडीत राहत होते. वाटू दे. खरं कारण माझे वडील होते.

आम्ही वऱ्हाडातले. बाबा तालुक्याच्या गावी एसटी डेपोत बत्तीस वर्षं मेकॅनिक होते. मी त्यांची एकुलती एक. कॉम्प्युटरचा कोर्स करून पुण्यात आले, तेव्हा कर्वे रोडवर दर दोन इमारतींआड कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली होती आणि जो तो अमेरिकेच्या गोष्टी बोलत होता. मला कोथरूडला एका बंगल्यात थाटलेल्या कंपनीत नोकरी लागली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्यांना सांगायच्या. माझ्या स्वभावाला याहून चांगलं काम पृथ्वीवर नसेल.

नोकरीला दोन वर्षं झाली आणि आई गेली. तेरवीचं जेवण उरकून माणसं सुपारी कातरत बसली होती, तेव्हा मी बाबांना म्हटलं, "चला माझ्यासोबत पुण्याला." बाबांनी तोंड उघडायच्या आत मोठे काका बोलले, "लेकीच्या घरी राहाले जाते का कोणी? लेकीच्या घरचं पाणी पीत नाई माणूस." मी काकांना सुनावलं की अजून माझं लग्न नाही, घर नाही, हॉस्टेलात एक पलंग आहे फक्त. काका म्हणाले, आज नाही तर उद्या होईन. बाबा खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत राहिले. मी त्याचा अर्थ नाही असा घेतला. मला नकार पचत नाही, म्हणून पुन्हा विचारायचंच नाही असं ठरवून मी परत आले.

दिवाळीला गेले तर गॅसच्या शेगडीवर बोटभर धूळ. शेजारच्या काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "चार चार दिवस चूल पेटवत नाई तुहा बाप. मी भाकर दिली तर म्हणे ठेवा तिथं, अन् मंग गाईले टाकली." बाबांचा शर्ट अंगावर असा लोंबत होता की जणू कुणा दुसऱ्याचा मागून आणलाय. दिवसभर डेपोसमोरच्या टपरीवर बसायचे आणि आत येणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायचे. मला भीती वाटली. हा माणूस वर्षभरात आईच्या मागे जाईल, अशी सरळ सरळ भीती वाटली, आणि परतीच्या प्रवासात मी रात्रभर खिडकीला डोकं लावून जागी होते.

पुण्यात हॉस्टेलच्या बाईंना विचारलं, माझे वडील आले तर काही दिवस राहू शकतील का.

"व्हरांड्यात बसू शकतील," त्या म्हणाल्या. "सहापर्यंत."

"अहो, माझे वडील आहेत."

"तुमचे आहेत. बाकीच्या तेहतीस मुलींचे नाहीत ना."

यावर मी बरंच बोलले, पण मनातून मला कळत होतं की बाई चूक नाहीत. खोली भाड्याने घेणं शक्य होतं, पण खोली घेतली की ती झाली लेकीची खोली. त्यात बाबा येणार नाहीत आणि आले तरी चार दिवसांत पिशवी उचलतील.

आणि मग ती व्हॅन दिसली. आमच्या ऑफिसमागच्या गल्लीत एका बेकरीची पाव-खारी पोचवणारी जुनी डिझेल व्हॅन कित्येक महिने उभी होती. टायर बसलेले, काचेवर खडूने लिहिलेलं, 'विकणे आहे'. टप उंच होता, आत मला ताठ उभं राहता येत होतं. मी काही फार उंच नाही म्हणा. तिच्याकडे बघत चहा पिताना माझ्या डोक्यात आलं की हा माणूस लेकीच्या घरी येणार नाही, पण बंद पडलेल्या गाडीकडे येईल. बंद गाडीने हाक मारली आणि बाबा गेले नाहीत असं कधी झालं नव्हतं. पंगतीत वाढलेलं पान सोडून उठलेले मी पाहिले आहेत. स्कूटरसाठी साठवलेल्या पैशांत मी ती व्हॅन घेतली. बेकरीवाले मालक पावती देताना दोनदा म्हणाले, "ताई, चालत नाही हं ही." मी म्हटलं, तेच तर पाहिजे.

मग काकूंच्या घरी फोन करून बाबांना बोलावून घेतलं. "गाडी घेतलीय. सुरू होत नाही."

पलीकडे रिसीव्हर या कानाचा त्या कानाला गेला. मग, "डिझेल?"

"डिझेल."

"रेडिएटर गळते का?"

"गळतं."

"कोणाले हात लावू देऊ नको," म्हणाले आणि फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी शिवाजीनगरच्या स्टँडवर उतरले. एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात पत्र्याची अवजारांची पेटी. पेटी जड होती, पिशवी अगदीच हलकी.

गाडी उभी करायला जागा मिळाली ती आमच्या ऑफिसात दूध घालणाऱ्या मावशींमुळे. कोथरूडच्या पलीकडे सोसायट्या संपून शेतं सुरू व्हायची, तिथल्या त्या मूळच्या. बरीचशी जमीन बिल्डरला गेली होती, एक उताराचा प्लॉट तेवढा राखून ठेवला होता. "लाव की," त्या म्हणाल्या, "गवातच तर हाय." पण आम्ही गाडीत राहणार आहोत हे कळल्यावर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "लोकं हितं तीन तीन मजलं चढवत्यात आन् तू टेंपूत ऱ्हानार व्हय? पाव्हणं, तुमी तरी सांगा हिला." बाबा म्हणाले, "म्या तं कामावर आलो जी." मावशींनी ट्रॅक्टर लावून गाडी ओढून आणली, नळाचं पाणी दिलं, न्हाणीघर वापरायला दिलं आणि रोज एकदा येऊन आम्हाला वेड्यात काढायची सवय लावून घेतली.

मी हॉस्टेल सोडलं. बाप गाडीत आणि मी पलंगावर, हे मला झेपणारं नव्हतं. पहिल्याच दिवशी बाबांनी बोनेट उघडताना स्पष्ट सांगितलं, "हे काम हाय. गाडी पासिंग झाली का मी आपला परत." गाडी पंधरा वर्षांपुढची होती. आरटीओच्या साहेबांनी तपासून पास केल्याशिवाय ती रस्त्यावर आणता येणार नव्हती. म्हणजे माझ्या हातात तेवढाच वेळ होता. पासिंग झालं की बाबा त्या धुळीच्या शेगडीकडे परत जाणार.

बाबा गाडीला घर म्हणत नसत. 'गॅरेज' म्हणत. माझ्या हातचा चहा प्यायचे, पण तो कामावरचा चहा असायचा. झोपायला पुढची ड्रायव्हरची बाजू, मागे फळ्या टाकून मी. डेपोची शिस्त त्यांनी जशीच्या तशी आणली. डेपोत ड्रायव्हर गाडीतला बिघाड तोंडी सांगत नाही, वहीत लिहितो, आणि मेकॅनिक त्याच्यापुढे काय केलं ते लिहून सही करतो. मला वही आणून दिली. मी सकाळी लिहायचं, 'डावा दिवा लागत नाही', आणि संध्याकाळी ऑफिसातून येऊन वाचायचं, 'बल्ब बदलला. ठीक.' खाली सही. गाडीत दोन माणसं, पण कारभार सगळा लेखी. मला पहिल्यांदा हसू आलं, मग माझ्या लक्षात आलं की सही करताना त्यांची मान ताठ असते.

इंजिन खोलून सतरंजीवर मांडलं, ते होळीपर्यंत मांडलेलंच होतं. रविवारी आम्ही जुन्या बाजारात जायचो. तिथे बाबा एखादा पार्ट उचलून कानाशी हलवायचे, वास घ्यायचे आणि परत ठेवायचे. विकणारे चिडायचे, आणि कोणी बाबांवर चिडलं की मला कामच मिळायचं. गाडीच्या आत वेगळंच प्रकरण. वर्षानुवर्षं सांडलेली पिठीसाखर लाकडात मुरली होती आणि सगळ्या तालुक्याच्या मुंग्या आमच्याकडे मुक्कामाला होत्या. मी हळद टाकली, रॉकेल टाकलं, शिव्या घातल्या. शेवटी बाबांनी सगळं प्लायवूड उपसून काढलं. पावाचे ट्रे ठेवायच्या लोखंडी रॅकमध्ये आमचे कपडे आले. पाडलेल्या एका बंगल्याचं सागवानी दार आणून त्याचा माझ्यासाठी पलंग केला. त्याची कडी त्यांनी काढली नाही, झोपेत माझ्या पायाला लागायची.

बाबांना येऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. एका संध्याकाळी बाबांनी तिसरी पोळी मागितली. मी पातेल्याकडे तोंड करून रडून घेतलं आणि चौथीही वाढली.

आता ओट्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यानेच घडलं. मागच्या भागात शेगडीसाठी फूटभर रुंद ओटा करायचा होता. बाबा दोन दिवस नुसते आत उभे राहून विचार करत होते. मग म्हणाले, "रांधणाऱ्या बाईचं तोंड उगवतीले पाहिजे. तुही आई सारा जनम उगवतीले तोंड करून रांधे." मी म्हटलं, बाबा, ही गाडी आहे, ती वळते. म्हणाले, "वळते तवा कोण रांधते? उभी असते तवाचं बोल." तेव्हा कोथरूडचे बिल्डर वास्तुशास्त्राप्रमाणे फ्लॅट अशा जाहिराती करायला लागले होते, पण चाकांवरच्या घराला पूर्व-पश्चिम लावणारे बाबा एकटेच असतील. ओटा डाव्या अंगाला झाला, आणि त्याचं तोंड पूर्वेला यावं म्हणून गाडी उतारावर आडवी उभी राहू लागली, डावी चाकं खाली. इंजिन सुरू झाल्यावर आम्ही चाचणीला फेरी मारून यायचो, तरी परत आल्यावर बाबा मागे-पुढे करून करून ती तशीच लावायचे. मी तिथे पूर्वेकडे तोंड करून पोहे परतायची. एरवी मी वाद घातला असता, पण त्यांच्या तोंडून आईचं नाव तेरवीनंतर पहिल्यांदा आलं होतं.

याच काळात त्यांनी मला गाडी चालवायला शिकवलं. टेकडीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर ते शेजारी बसायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. "रस्ता पाहाचं काम तुह्यं. म्या आवाज ऐकतो." गिअर चुकला की नुसतं "अं" म्हणायचे. त्या "अं"पुढे मी एकदाही उलटून बोलले नाही, हे मला आत्ता लिहिताना जाणवतंय.

पावसाळा गेला. पावसाचं सगळं पाणी उतारावरून येऊन डाव्या चाकांपाशी साचायचं, चिखल पत्र्याला चिकटून राहायचा, आणि आत आम्ही दोघं कांदाभजी खायचो. बाबांच्या गालांवर मांस आलं होतं. मावशींच्या गोठ्यातल्या कडबाकुट्टीचं मशीन त्यांनी दुरुस्त केलं, मग शेजारच्या पंपाचं काम आलं, मग आणखी कुणाचं. गाडी तयार झाली आणि आम्ही ती आरटीओत नेली. बाबा नवा शर्ट घालून आणि मी तोंड पाडून.

साहेबांनी ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, इंजिन ऐकून मान डोलावली. मग खाली वाकून डाव्या दाराखालच्या पत्र्याला स्क्रू ड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"काका," साहेब म्हणाले, "हा पत्रा आहे की खारी?"

साहेबांना गाडीचा इतिहास माहीत नव्हता. मी पुढे होऊन "हे बघा, बोलायची पद्धत..." इथवर आले होते, तेवढ्यात बाबांनी माझा दंड धरून मला मागे ओढलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. उतारावर, पाण्यात, एकाच अंगावर गाडी ठेवायची नाही हे त्यांनी डेपोतल्या पोरांना जन्मभर शिकवलेलं. आणि एका शेगडीपायी तेच करून बसले होते. डावीकडचा सगळा खालचा पत्रा, आतली पट्टी, दाराची चौकट, सगळं सडलं होतं. गाडी नापास.

परतताना ते एवढंच म्हणाले, "लाज आणली म्या." आणि दोन दिवस वहीला हात लावला नाही. मला त्यांची दया येत होती, खरंच येत होती. पण आतून, काय सांगू, मी नाचत होते. पत्रा कापायचा, नवीन जोडायचा, रंग द्यायचा, म्हणजे आणखी दोन महिने तरी नक्की. दुसऱ्या दिवशी मी पावशेर पेढे आणले आणि ऑफिसात कसला तरी बोनस मिळाल्याचं खोटं सांगून मावशींना दिले. त्यांनी पेढा तोंडात टाकून माझ्याकडे रोखून पाहिलं. "गाडी नापास झाली आन् तू पेढं वाटती व्हय गं?" त्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी आणखी एक पेढा उचलला.

बाबांनी ते काम मात्र दोन महिन्यांचं पाच आठवड्यांतच केलं. लाज माणसाला पळवते. ओटा उपटून उजवीकडे केला आणि गाडी सपाट जागी आणली. आता मी घाबरले. आणि जे केलं ते सांगायला मला आजही बरं वाटत नाही.

रोज सकाळी बाबा टेकडीवर फिरून यायचे. तेवढा अर्धा तास माझा. पहिल्या दिवशी मी हॉर्नची तार काढली आणि वहीत लिहिलं, 'हॉर्न वाजत नाही.' संध्याकाळी उत्तर होतं, 'तार निघाली होती. तार आपोआप निघत नाही. जोडली.' सही. चोराच्या मनात चांदणं, मी घाईघाईने म्हटलं, उंदीर असतील. बाबा म्हणाले, "असतीन." मग वायपरचा नट ढिला केला. मग हँडब्रेकचा. प्रत्येक वेळी ते वही वाचायचे, चष्मा लावायचे, गाडीखाली जायचे, आणि लिहायचे, 'आवळले. ठीक.' एकदा न राहवून मी म्हटलं, या जुन्या गाड्यांचं काही खरं नाही. ते म्हणाले, "गाडीचं खरं असते. गाडी खोटं बोलत नाई." मी पोळ्या लाटत होते, लाटतच राहिले.

एका रविवारी मी रेडिएटरच्या रबरी नळीची क्लिप सैल केली. थोडं पाणी गळेल, बाबा नळी बदलायची म्हणतील, त्यात एक आठवडा जाईल, असा माझा हिशेब. पण त्या दिवशी मी वहीत लिहायच्या आधीच बाबा म्हणाले, चल, एक फेरी मारू. चढावर गाडी तापली. बाबा उतरून बोनेट उघडून वाकले आणि त्याच क्षणी नळी निसटली. उकळतं पाणी त्यांच्या उजव्या हातावर आलं, मनगटापासून कोपरापर्यंत.

ते ओरडले नाहीत. तोंडातून नुसता वारा सुटल्यासारखा आवाज आला. मी त्यांना रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी सांगणार होते. देवाशप्पथ सांगणार होते. बाबाच आधी बोलले, "क्लिप ढिली राहिली असन माह्या हातून."

माझ्या हातून, म्हणाले. जो माणूस आवळलेल्या प्रत्येक नटाखाली सही करतो, तो. मी त्या दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले आणि माझ्या फाटक्या तोंडातून एक अक्षर निघालं नाही. पुढचे पंधरा दिवस मी त्यांना भरवलं, कारण उजव्या हाताने घास उचलता येत नव्हता. रोज वाटायचं, आज सांगू. रोज वरणाचा घास त्यांच्या तोंडात द्यायची आणि भाजीत मीठ आहे का विचारायची. पान्याला मात्र मी पुन्हा हात लावला नाही.

हात बरा झाला, गाडी पुन्हा आरटीओत गेली आणि पास झाली. साहेबांनी खालचा पत्रा ठोकून पाहिला आणि बाबांना म्हणाले, "काका, काम झकास." बाबांनी परतीच्या वाटेवर स्टँडवर उतरून स्वतःचं रिझर्वेशन केलं. शनिवारी संध्याकाळची गाडी होती. मावशींनी डोळे पुसत शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि म्हणाल्या, "पाव्हणं, ही पोरगी तोंडानं तेवढी कडू हाय." बाबा म्हणाले, "हो जी. माहीत हाय."

मी गाडी चालवत होते, बाबा शेजारी. पेटी पायाशी. डोळे मिटलेले. मी मनात पाठ करत होते, पोचल्यावर फोन करा, जेवत जा, महिन्याने येते. डेक्कनच्या अलीकडे सिग्नल सुटला आणि बाबा म्हणाले, "गाडी बाजूले घे."

मला वाटलं इंजिनात काही ऐकलं असेल. बाजूला घेतली.

समोरच्या काचेतून पाहतच त्यांनी विचारलं, "हॉर्नची तार कोणं काढली होती?"

मी इंजिन बंद केलं.

"वायपर? हँडब्रेक?" मग, "नळीची क्लिप?"

"मी," मी म्हटलं.

"मले माहीत हाय. उंदीर काई पाना घेऊन येत नाई. अन् म्या आवळलेलं मले याद राहते."

"मग दवाखान्यात तुमच्या हातून झालं म्हणालात ते कशाला? मला का नाही बोललात?"

"तू बोलशीन म्हणून वाट पाहून राहिलो होतो." आता ते माझ्याकडे वळले. "हॉस्टेलच्या बाईशी भांडली. बाजारात भांडली. आरटीओच्या साहेबाशी भांडाले निघाली तं म्या तुले ओढून आणलं. साऱ्या पुण्याशी भांडली, अन् माह्याशी एक डाव नाई भांडली. माहा हात भाजला तरी नाई. काऊन वं? नट ढिले करत बसली, पण 'बाबा, जाऊ नका' एवढं म्हणता आलं नाई तुले?"

"म्हटलं होतं मी. तेरवीला म्हटलं होतं. तुम्ही मान खाली घालून बसलात."

"त्या दिवशी मले तुह्या आईशिवाय कोणाचंच ऐकू येत नव्हतं."

त्यावर मला जे रडू फुटलं त्याला ताळतंत्र नव्हतं. आणि रडता रडता मी भांडायला लागले. म्हटलं, लेकीचं घर आणि बापाचं घर हे तुमच्या भावाला शिकवा, मला नका. चार चार दिवस चूल पेटवत नाही तुम्ही तिथे. इथे मी काकूंचा फोन आला की दचकणार आणि तिथे तुम्ही गाईला भाकरी टाकणार, असं किती दिवस चालायचं? मला ऑफिसातून आल्यावर गाडीत दिवा लागलेला पाहिजे. मला कोणीतरी चुकीच्या गिअरवर "अं" म्हणणारं पाहिजे. आई तुमची एकट्याची गेली नाही, माझीही गेली आहे, आणि हे मी कुणापाशी बोलायचं? त्या हॉस्टेलच्या बाईपाशी? राहा ना हो बाबा. काम असो की नसो, राहा.

मागे रिक्षांचे हॉर्न सुरू झाले होते. ट्रॅफिक पोलीस येऊन काचेवर टकटक करू लागला. "ओ ताई, नो पार्किंगचा बोर्ड तुमच्यासाठीच लावलाय. संसार पुढे जाऊन करा."

मी काच खाली करून त्याच्याकडे वळणार, तेवढ्यात बाबांनी माझ्यापुढून हात घालून खिडकीची कड धरली. भाजल्याचा गुलाबी डाग कोपरापर्यंत दिसत होता.

"दोन मिनिटं थांबा जी साहेब," ते म्हणाले. "पोरगी मले राहा म्हणून राहिली. तिचं पुरतं होऊ द्या."